काशीदचा रविवार

सुट्टी हा आपला शब्द 'सुटणे' या क्रियापदावरून आलेला आहे. शाळा सुटते, कचेरी सुटते, तिन्हीसांजेला मानेवरचे जू उतरले म्हणजे बैल सुटतो. इंग्रजांच्या 'हॉलिडे'चे कूळ निराळे. तो मुळात 'होली डे', म्हणजे पवित्र दिवस. आणि ज्यू लोकांचा 'शब्बाथ' पाहिला तर त्या हिब्रू शब्दाच्या मुळाशी नुसता 'थांबणे' एवढाच अर्थ आहे. सुटणे नाही, पवित्र होणे नाही. आधी हातातले काम खाली ठेवणे. बाकीचे मग पाहता येते.

आम्ही मराठी ख्रिस्ती मंडळी या तिन्ही शब्दांचे वारसदार. वाचकांपैकी पुष्कळांना आमच्या घरची रीत ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. रात्रीची जेवणे उरकली की घरात उपासना होते. एखादे गीत म्हणायचे, बहुधा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. मग शास्त्रातला एक उतारा. आणि मग घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने त्यावर चार शब्द बोलायचे. हे चार शब्द मोठे धोक्याचे असतात. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून उपदेशकाचे काम करीत. त्यांना कशातूनही बोध काढता येई. कंदिलातले तेल संपले की दहा कुमारींचा दाखला तयार, शेळी चुकली की हरवलेले मेंढरू तयार. एकदा आईच्या हातून दुधाचे पातेले लवंडले, तर त्यावरही ते दहा मिनिटे बोलले. आई तोवर जमीन पुशीत होती.

ती खोड वारशाने माझ्याकडे आली. मी शाळामास्तर, म्हणजे आधीच मर्कट, तशात मद्य प्यालेला! माझा आठ वर्षांचा नातू अलीकडे हात जोडून म्हणतो, "आजोबा, बोध उद्या सांगा ना." हे सारे सांगण्याचे कारण एवढेच, की पुढे जे लिहिले आहे ते सवयीने काढलेल्या बोधाचे नाही. ते सुट्टीत आपल्या पायांनी चालत आमच्याकडे आले.

गेल्या वर्षी दिवाळीच्या थोडे आधी उपासनेला दहा आज्ञांचा भाग होता. चौथी आज्ञा शब्बाथाची. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी करू नकोस. आणि एकटाच थांबू नकोस, तर तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझे दासदासी, तुझी गुरेढोरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका माणूस, या सगळ्यांना थांबू दे, असा तिचा आशय. मी माझे चार शब्द सुरू करणार तोच स्वयंपाकघराच्या दारातून आक्काचा आवाज आला. ती हात पुसत उभी होती.

"अरे, यादीत गुरं आहेत, परका आहे. बायको कुठाय? अन् बहीण?"

मी सांगितले, की 'तू' या शब्दात नवराबायको दोघेही आले, असे पंडितांचे मत आहे. यावर आमची सौभाग्यवती म्हणाली, "'समाविष्ट' असलेल्या माणसांना सुट्टी मिळालेली मी तरी अजून पाहिली नाही."

त्या रात्री बोध झाला नाही. सगळे हसले आणि उठले. आक्का मात्र हसली नव्हती.

आक्काविषयी थोडे सांगितले पाहिजे. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. एका मिशन हॉस्पिटलात तिने छत्तीस वर्षे परिचारिकेची नोकरी केली. लग्न केले नाही. निवृत्त झाली त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली, आणि पुढली नऊ वर्षे आक्काने तिला न्हाऊ घातले, भरवले, कुशीवर वळवले. नऊ वर्षांत आईच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. ज्यांनी अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे त्यांना या वाक्याचे वजन कळेल. आम्ही इतर होतो, जमेल ते करीत होतो. पण रात्री दोन वाजता हाक येई ती आक्कालाच.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आई गेली. तेव्हापासून आक्का देवळात येई, पण अगदी मागच्या बाकावर बसे. गीत सुरू झाले तरी तिचे पुस्तक मिटलेलेच. प्रभुभोजनाची वेळ आली की हळूच उठून बाहेर जाई आणि चिंचेखाली उभी राही. पाळकसाहेब दोनदा घरी येऊन गेले. तिने त्यांना चहा केला, बिस्किटे दिली आणि विषय बदलला. मला एकदा म्हणाली, "देवावर राग नाही रे माझा. पण त्याच्याशी बोलायला आता काही उरलंच नाही." आमच्या घराला हे नवीन होते. लहानपणी आम्हाला प्रार्थना शिकवली ती आक्कानेच.

म्हणून चिरंजिवांनी काढलेली सहल ही नुसती सहल नव्हती. कोणी तसे बोलले नाही, पण आक्काला कुठेतरी न्यावे, हेच सर्वांच्या मनात होते. तिने समुद्र पाहिला होता तो मुंबईचा, तोही एका परिषदेच्या वेळी, आणि त्याला आता तीस वर्षे झाली होती. भाऊबीज झाली, शेजारच्या घरांतून आलेल्या फराळाचे डबे बरोबर घेतले (दिवाळी आमची नसली तरी चकली आमचीच असते), आणि आम्ही सात माणसे एका मोटारीत बसून नगरहून निघालो. पुणे, खोपोली, पेण करीत अलिबाग. तिथून चौल, रेवदंडा. मग कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडून साळाव, कोर्लई आणि काशीद.

काशीद हे मुरूड तालुक्यातले लहानसे गाव. पाठीशी फणसाडचे जंगल, समोर जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा पांढुरका किनारा. पूर्वी इथे सुरूची झाडी दाट होती. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले, त्यात या साऱ्या पट्ट्यातली झाडे मोडली आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आम्ही ज्या घरी उतरलो त्या घरच्या बाई सांगत होत्या, की त्यांच्या वाडीतल्या पोफळींपैकी मोजक्याच उभ्या राहिल्या. नवी रोपे लावली आहेत, पण सुपारी काही भाजी नव्हे. लावणाऱ्याने वर्षांमागून वर्षे वाट पाहायची. तोवर घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि त्यांना रांधून घालायचे. त्या सांगताना रडत नव्हत्या. तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या आणि त्यांचा हात एकदाही थांबला नाही. आमच्या घरात त्या पहिल्या दिवसापासूनच 'वहिनी' झाल्या.

शनिवारी सकाळी समुद्रावर गेलो. नातवाने आणि धाकट्या नातीने वाळूचा किल्ला बांधायला घेतला. वाळूवर घर बांधणारा मूर्ख आणि खडकावर बांधणारा शहाणा, हा दाखला माझ्या ओठांवर आला होता. इतकी आयती संधी उपदेशकाच्या मुलाला आयुष्यात क्वचितच मिळते. मी तोंड उघडले मात्र, नातू म्हणाला, "खडकावर किल्ला होतच नाही आजोबा. तिथे वाळू नसते." या उत्तरावर माझ्याजवळ काही नव्हते. आक्का मात्र त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

काशीदच्या किनाऱ्यावर घोडागाड्या आहेत, उंटही आहेत. मुलांना फेरी हवी होती. गाडीवाला पंचविशीतला पोरगा होता. घोड्याच्या तोंडाला फेस आला होता. आक्का घोड्याजवळ जाऊन उभी राहिली, त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि एखाद्या रोग्याची चौकशी करावी तसे तिने विचारले, "याला आराम कधी असतो?"

"पावसाळ्यात चार महिने बसूनच असतो की, मावशी," पोरगा म्हणाला. "पण घोडा बसला म्हणजे आमचंही बसतं."

या उत्तराने मला दिवसभर सोडले नाही. शास्त्रात गुरांना विश्रांती द्यायला सांगितली आहे खरी, पण घोड्याची विश्रांती म्हणजे मालकाची उपासमार असेल तर काय करायचे? विश्रांती ही फुकट मिळत नाही. तिची किंमत कोणीतरी मोजावी लागते. जुन्या करारात हे ओळखलेले दिसते. इस्राएल लोक रानातून चालले होते तेव्हा त्यांना रोज सकाळी 'मान्ना' नावाचे अन्न मिळे. ते दुसऱ्या दिवसासाठी साठवले तर नासे. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळे आणि ते मात्र टिके. म्हणजे देवाने आधी विश्रांतीच्या दिवसाच्या भाकरीची सोय केली आणि मगच 'थांब' म्हटले. आपण लोकांना नुसतेच 'जरा विश्रांती घेत जा हो' असे सांगत असतो. भाकरीची सोय करायचे आपल्या मनात येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात रविवारची सुट्टी कशी आली हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती ख्रिस्ती सरकारने धर्म म्हणून कामगारांना दिली, असा अनेकांचा समज आहे. साहेबाच्या कचेरीला रविवारी कुलूप असे, पण मुंबईच्या गिरण्यांतला मजूर आठवड्याचे सातही दिवस राबे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मिलहॅण्ड्स असोसिएशन काढून सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तिच्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. पुढे १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आणि रविवारच का? तर तो खंडोबाचा वार, हे लोखंड्यांनी दिलेले एक कारण! आमचा प्रभूचा दिवस गिरणीकामगारांपर्यंत जेजुरीच्या वाटेने आला, ही गोष्ट मी आमच्या मंडळीत सांगतो तेव्हा काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. मला मात्र ती फार आवडते. चौथ्या आज्ञेतला दास आणि दासी त्या दिवशी खऱ्या अर्थाने थांबले, मग ते कोणाच्या का नावाने असेना.

रायगडच्या या किनाऱ्यावर शब्बाथाची याहूनही जुनी गोष्ट आहे. अलिबागजवळ नवगावला फार पूर्वी एक गलबत फुटले आणि त्यातून वाचलेली मोजकी ज्यू माणसे इथेच राहिली, असे बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे घातले, मराठी बोलू लागले, गावांवरून आडनावे घेतली: किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. शास्त्राची पुस्तके त्यांच्याजवळ नव्हती, हिब्रू भाषा विसरली होती. पण शनिवारी घाणा बंद. गावाने त्यांना नावच दिले, 'शनवार तेली'. थांबलेल्या घाण्यावरून ज्यांची ओळख पटली अशी माणसे जगात थोडी असतील. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी जुन्या कराराची मराठी भाषांतरे केली, ती या लोकांच्या हाती आली. ज्यांच्या नावाने मुंबईचे विल्सन कॉलेज आहे त्या जॉन विल्सनसाहेबांनी तर १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरणच मराठीतून लिहिले. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. अलिबागेत त्यांच्या आळीला अजून इस्राएल आळी म्हणतात.

शनिवारी रात्री ओट्यावर बसून हे मी घरच्यांना सांगितले. उपासना म्हणून नव्हे, गप्पा म्हणून. सूनबाईने एकच प्रश्न विचारला. "बाबा, पुस्तक नव्हतं, धर्मगुरू नव्हता, मग शनिवार लक्षात कोणी ठेवला?"

मी म्हणालो, "घरातल्या बायकांनीच ठेवला असेल. आदल्या दिवशीच सगळं रांधून ठेवायचं तर ते दुसरं कोण करणार?"

"म्हणजे शुक्रवारी दुप्पट काम," आक्का म्हणाली. "मान्नासारखं."

दुसरा दिवस रविवार. काशीदच्या जवळपास आमच्या पंथाचे देऊळ नाही. घरीच उपासना करावी असे मी सुचवले, पण चिरंजिवांना कोर्लई पाहायचे होते, आणि मोटारीने तिथे जायला अर्धा तासही लागत नाही. कोर्लई हे गाव कुंडलिकेच्या मुखाशी, डोंगरी किल्ल्याच्या पायथ्याला वसले आहे. आम्हा नगरकरांचा या जागेशी जुना संबंध. चौलला वखार घालण्याची परवानगी पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी मागितली ती नगरच्या निजामशहाकडे, आणि १५९४ साली कोर्लईचा डोंगर त्यांनी लढून जिंकला तोही निजामशाही फौजेकडूनच. १७४० साली तो सारा मुलूख मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज निघून गेले.

निघून गेले, पण त्यांची भाषा राहिली. कोर्लईतल्या कॅथलिक ख्रिस्ती वस्तीत आजही घरोघर एक बोली बोलतात. ती पोर्तुगीजपासून झालेली आहे आणि शेजारच्या मराठीने तिचे रूप पार बदलून टाकले आहे. ते लोक तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. तिला लिपी नाही, शाळेत ती शिकवीत नाहीत, तिच्यात वर्तमानपत्र निघत नाही. भाषेचा अभ्यास करणारे परदेशी पंडित तिच्यावर ग्रंथ लिहितात. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, आणि भाताची लावणी करणाऱ्या, भाजी पिकवणाऱ्या या माणसांनी ती जपली. जपली म्हणजे काय केले? काही केले नाही. आयांनी मुलांना त्या भाषेत जेवायला हाका मारल्या.

आम्ही पोहोचलो तेव्हा मिस्सा आटोपली होती आणि माणसे बाहेर पडत होती. दोघी बायका पायरीवर उभ्या राहून बोलत होत्या. कानांना काही मराठी वाटत होते, काही अगदी अनोळखी. आम्ही आत जाऊन बसलो. हे चर्च कार्मेल डोंगराच्या मातेचे आहे, माउंट कार्मेलचे. नातवाने विचारले, "कार्मेल म्हणजे?"

हा प्रश्न माझ्या वाट्याचा होता, पण उत्तर आक्काने दिले. ती नातवाच्या शेजारी बसली होती आणि हळू आवाजात बोलत होती, तरी मला सगळे ऐकू येत होते. कार्मेल हा इस्राएल देशातला डोंगर. तिथे एलीया नावाच्या संदेष्ट्याने साडेचारशे पुजाऱ्यांसमोर एकट्याने उभे राहून देवाला हाक मारली आणि आकाशातून अग्नी पडला. हे सगळे ख्रिस्ती मुलांना पाठ असते, नातवालाही होते.

"पण पुढं काय झालं ते सांगते," आक्का म्हणाली. "ते रविवारच्या शाळेत फारसं सांगत नाहीत. इतकं मोठं काम केल्यावर राणीनं त्याच्या जिवाची धमकी दिली, तेव्हा तो पळाला, रानात गेला, एका झुडपाखाली बसला अन् देवाला म्हणाला, आता पुरे, मला मरू दे. अन् झोपला."

"मग देव रागावला?"

"नाही. देवानं दूत पाठवला. दूतानं काही उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर अन् पाण्याचा चंबू उशाशी ठेवला, अन् म्हणाला, ऊठ, खा. त्यानं खाल्लं अन् तो परत झोपला. मग दूतानं पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. म्हणाला, तुझ्यापुढची वाट फार लांब आहे."

पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय मी किती वेळा वाचला असेन याची गणती नाही. आमच्या उपासनेत त्या अध्यायातला पुढचा भाग नेहमी घेतात: वारा, भूकंप, अग्नी, आणि त्यानंतरचा तो मंद आवाज. भाकरीवर कोणी थांबत नाही. दमलेल्या माणसाला देवाने आधी दोनदा जेवू घातले, दोनदा झोपू दिले, आणि बोलणे त्याच्यानंतर ठेवले, हे मला कोर्लईच्या बाकावर बसून प्रथम नीट ऐकू आले. सांगणारी कोण आहे याकडे पाहिल्यावर तर मी मान खालीच घातली. चिरंजीवही समोर पाहत राहिले. कोणी काही बोलले नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचले असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० साली. मधली वर्षे टिळकांनी वाद घालून बायकोला पटवले असे नाही. सोवळेओवळे, जातपात या गाठी लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाशी एकेक करून सोडवल्या, आणि त्या पुस्तकात धर्म जो काही दिसतो तो चुलीपाशी, मुलांच्या आजारपणात, पाहुण्यांच्या पंक्तीत दिसतो. टिळक कवी होते, थोर होते. पण त्या घरात जेवणाची वेळ सांभाळणारे कोण होते हे ते पुस्तक विसरू देत नाही. आमच्याकडचे पुष्कळ प्रवचनकार ते पुस्तक हसण्यासाठी वाचतात. तेही ठीकच आहे. ते आहेच मोठे विनोदी.

कोर्लईहून परत येताना चिरंजिवांनी रेवदंड्याच्या बाजूला गाडी वळवली आणि मासळी घेतली. सुरमई आणि बांगडे. आम्हाला वाटले, वहिनींना देऊ म्हणून घेतली असेल. घरी आलो तर आक्का उतरल्या उतरल्या सवयीप्रमाणे पदर खोचून स्वयंपाकघराकडे निघाली. दोन दिवस ती हेच करीत होती; वहिनी 'ताई, तुम्ही पाहुण्या' म्हणत आणि आक्का तोवर कांदा चिरायला बसलेली असे.

चिरंजीव दारात आडवे उभे राहिले. "आज आत्या बसणार आहे. वहिनी, तुम्हीपण. आज मी आणि बाबा तळणार."

वहिनींना वाटले थट्टा आहे. मग त्यांच्या लक्षात आले की थट्टा नाही, आणि त्या खरोखर घाबरल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात पाहुण्या पुरुषांनी शिरणे ही काही लहान गोष्ट नव्हती. शेवटी तोड निघाली: परसात तीन दगडांची चूल होती, तिच्यावर करायचे. आक्काने विचारले, "वहिनी, तुम्हाला सुट्टी कधी असते हो?" वहिनी हसल्या. "मोसमात पाहुणे, पावसाळ्यात लावणी. सुट्टी कसली हो ताई?" सूनबाईने दोघींना हाताला धरून ओट्यावरच्या खाटेवर बसवले. त्या दिवसाचे जेवणाचे पैसे नेहमीप्रमाणेच द्यायचे हे सौभाग्यवतीने आधीच ठरवून टाकले होते. मान्नाचा हिशेब तिच्या बरोबर ध्यानात राहिला होता.

मासे तळणे हे काम दिसते तितके सोपे नाही. ओले लाकूड धुमसते, तेल तापत नाही, आणि बांगडा उलटताना निम्मा तव्यालाच राहतो. नातू फुंकणीने फुंकत होता. वहिनी ओट्यावरून दर मिनिटाला सूचना करीत: "तांदळाचं पीठ लावा", "जाळ मागं सारा", "आता नका हलवू". दहा मिनिटांत दोनदा त्या उठल्या आणि दोनदा सूनबाईने बसवले. मग हळूहळू सूचना कमी झाल्या आणि दोघींच्या बोलण्याचा आवाज येऊ लागला. पोफळीच्या रोपांचे काहीतरी होते, मग वहिनींच्या सासूबाईंचे दुखणे, मग आमच्या आईचे. आक्का आईविषयी कोणाशी बोलत असलेली मी दीड वर्षात ऐकली नव्हती. काय बोलली ते मला कळले नाही. मी चुलीपाशी होतो आणि धुराने डोळे भरून आले होते, धुराने म्हणा.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात एक सकाळ आहे. शिष्य रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने बसलेले. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी आणि जवळ भाकर. मरणातून उठलेला प्रभू पहाटे उठून विस्तव पेटवतो, मासे भाजतो आणि दमलेल्या कोळ्यांना न्याहारीला बोलावतो. त्या अध्यायातल्या पेत्रावर शेकडो प्रवचने झाली असतील, जाळ्यातल्या एकशे त्रेपन्न माशांवरही झाली आहेत. तो विस्तव पेटायला किती वेळ लागला असेल, हा विचार फुंकणी हातात घेतल्याशिवाय सुचत नाही. मी तो मनात ठेवला. नातवाने त्या दिवशी मला बोध उद्या सांगायची विनंती केली नाही, कारण मी काही सांगितलेच नाही.

पाने मांडली तेव्हा एक वाजून गेला होता. सूनबाई हाक मारायला ओट्यावर गेली आणि तोंडावर बोट ठेवून परत आली. वहिनी आपल्या वाडीत रोपांना पाणी घालायला गेल्या होत्या (त्यांना तेवढे थांबणेही पुष्कळ झाले असावे), आणि आक्का खाटेवर कुशीवर वळून झोपली होती. चप्पल पायातच. नऊ वर्षे जी बाई हाकेच्या अंतरावर एका कानाने जागी झोपत होती, ती भर दुपारी, परक्या घरच्या ओट्यावर, मुलांचा गलका चालू असताना झोपली होती.

तिचे पान वेगळे वाढून झाकून ठेवले. कावळ्यांसाठी नातू काठी घेऊन बसला. चार वाजता ती उठली. क्षणभर आपण कुठे आहोत हे तिला कळेना. मग तिने तोंड धुतले, पानावर बसली, डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेले ठेवले. नातू माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केले.

पहिला घास घेऊन ती म्हणाली, "मीठ कमी पडलंय." आणि बांगड्याचा दुसरा तुकडा आपल्या हाताने वाढून घेतला.